आधी पाणी, मग खबर

गूर्सी, १४ जानेवारी

ती. सिब्दू वन्संना तालातोचा सा. न. वि. वि.

तुमची तब्येत बरी असेल, घरची माणसं बरी असतील, थंडी बाधली नसेल. इकडे धुळीचा वारा सुटलाय. बाजरीचं पीठ कितीही चाळलं तरी दाताखाली कचकचतं. मुलं बरी आहेत. धाकटा माझ्या अक्षराला नावं ठेवतो. त्याच्याच पहिलीच्या पुस्तकावरून मी लिहायला शिकले, म्हणून तो स्वतःला माझा मास्तर समजतो. तुम्हीही हसाल. हसा.

लिहायचं कारण आईंचं आहे. यांबासारखा लेक गेल्यापासून त्या पाणी पीत नाहीत. घास अडकला तर एखादा घोट घेतात, तेवढंच. विचारलं तर म्हणतात, तहान नाही. नर्सबाईंनी त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली, तर ती तशीच उभी राहिली. म्हातारपणी तहान कळत नाही, पण शरीराला पाणी लागतंच, म्हणाल्या. रोज थोडं थोडं वाढवत न्या, नाहीतर या एप्रिलचं ऊन काढायच्या नाहीत. मी चिंच आणि आलं घालून पीठपाणी केलं. आईंनी वास घेतला, छान झालंय म्हणाल्या आणि वाडगा पलीकडच्या घरातल्या स्वतःच्या थोरल्या जावेला, लामूसाला दिला. ती सगळं पिऊन म्हणाली, म्हातारे, तू अशीच रुसून बस, मी चांगली गुबगुबीत होते. आई हसल्यासुद्धा. पण प्यायल्या नाहीत.

आणखी एक सांगायचंय. दारात कुणी आलं की घरातल्या थोरल्या बाईने आधी स्वतः घोट घेऊन पाणी द्यायचं, खबर मग विचारायची, हे आपलं चालत आलेलं. इतक्या वर्षांत आईंनी हा मान मला एकदाही दिला नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. आता पाहुणा दिसला की त्या आत जातात आणि भोपळ्याचा तो वाडगा माझ्या हातात येतो. मला तो नकोय, वन्सं.

यांबाबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. एका चुलीवर जेवतो, एका मांडवाखाली शेंगा सोलतो, पण त्याचं नाव निघत नाही.

माया आहे तशी असू द्या, आणि काय करू ते कळवा.

तुमची,
तालातो

---

वागादुगू, २ फेब्रुवारी

चि. तालातो हिस सिब्दूचे अ. आ.

तुझं पत्र आणि चवळीची पिशवी बसवाल्याने आणून दिली. पिशवी थोडी हलकी वाटली. त्याला विचारलं तर म्हणाला, वाटेत चवळी सुकली असेल. तुझी अक्षरं वाऱ्यात उभ्या राहिलेल्या शेळ्यांसारखी सगळी एका बाजूला कललेली असतात, पण मला एकूण एक ओळखता आली. मुलाला सांग, त्याच्या आत्याने मास्तरांना पास केलंय.

आईला रागावू नकोस. रागावून तिने आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. माझ्या बापाचंही नाही. सोबत निळा पेला पाठवतेय, त्यातून देऊन बघ. कालवण पातळ कर. गोरखचिंचेच्या पाल्याचं कर, तिला आवडतं. त्यातूनही पाणी पोटात जातंच.

पाहुण्यांच्या पाण्याचं म्हणशील, तर त्यासाठी तिच्या मागे लागू नकोस. काही दिवस तूच दे. का ते विचारू नकोस.

स्टँडवर माझा भात बरा खपतो. माझ्या लेकीचं पोट आता दारातून आधी आत येतं, ती मागून. मुलांना गोंजार. मला विसरू नकोस.

सिब्दू

---

गूर्सी, २७ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

घाबरू नका, आधीच सांगते, आई आहेत. मंगळवारी त्या हापशावर पडल्या. लोकांचे डबे रांगेत होते, पाणी वाहत होतं, आणि त्या मध्येच बसल्या आणि आडव्या झाल्या. लघवी चहासारखी झाली होती. दवाखान्यात बाटली लावली. नर्सबाई भली बाई आहे, पण या वेळी माझ्यावर चिडली. म्हणाली, पुन्हा अशी आणलीस तर माझ्याच्याने काही व्हायचं नाही, मूत्रपिंडं दमलीत.

निळ्या पेल्यात त्या आता सुया ठेवतात.

घरी आल्यावर मी रागावले. रागावू नको म्हणाला होतात, तरी रागावले. म्हटलं, एक कबर मला पुरे आहे, दुसरी खणायला लावू नका. त्या आपले हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "या हातांनी पाणी प्यायचं नाही, आणि द्यायचंही नाही."

वन्सं, यांबाच्या वेळी तिकडे दवाखान्यात काय झालं? तुम्ही दोघी होतात. मी इथे खळ्यावर बाजरी झोडपत होते, कारण पोटाचं दुखणं आहे, चार दिवसांत येतो असं तो सांगून गेला होता. मला तो चादरीत गुंडाळलेला मिळाला. का ते विचारू नको असं तुम्ही लिहिलंत. मी विचारतेय. मी त्याची बायको आहे.

लोभ कमी करू नका, पण खरं लिहा.

तालातो

---

वागादुगू, १० मार्च

चि. तालातो हिस अ. आ.

तू विचारलंस, बरं केलंस. मी दोनदा लिहायला बसले आणि दोनदा उठले.

आतडं अडकलं होतं. ऑपरेशन करायचं होतं, म्हणून पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. सकाळी करू म्हणाले, पण त्याच्या आधी आणखी वाईट अवस्थेतली माणसं होती. दुपार झाली. यांबाचे ओठ पांढरे पडले. त्याने आईकडे पाणी मागितलं. आईजवळ घरून आणलेला वाडगा होता, भरलेला. तिने तो पदराआड धरला आणि म्हणाली, थोडं थांब रे, झालं की हवं तेवढं पाजते. त्याने पुन्हा मागितलं. लहानपणी मागायचा तसं मागितलं, तालातो. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. नंतर आत नेला, तो परत बोलला नाही.

डॉक्टर मला म्हणाले, पाणी दिलं असतं तरी वाचला नसता, आणि नाही दिलं म्हणूनही गेला नाही. मी आईला हे कितीदा सांगितलं. तिने मान हलवली. आयुष्यात तिने दारातल्या कुठल्या परक्यालाही कोरडा पाठवला नाही. पाठवला तो स्वतःचा मुलगा.

उन्हाळ्यातल्या त्याच्या मोठ्या क्रियेला मला यायचं होतं. लेकीचे दिवस नेमके तेव्हाच भरतायत. तिला सोडून येता येणार नाही. निरोप देताना बहिणीने उधळायची चुलीतली राख माझ्या वाटची म्हणून तू उधळ. आईला जप. मला दोष दिलास तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

सिब्दू

---

गूर्सी, १९ एप्रिल

ती. वन्संना सा. न. वि. वि.

नातीचं कळलं. आनंद झाला. तिचे कान यांबासारखे आहेत म्हणता, तर बिचारीचे केस लवकर वाढोत.

तुम्हाला दोष देत नाही. तुमचं पत्र मी एकदाच वाचलं आणि चुलीत घातलं, धाकटा सगळं वाचतो म्हणून.

क्रिया झाली. ज्वारीची दारू चांगली उतरली होती, माणसं पुष्कळ आली. गेलेल्याचं सोंग घेऊन लोकांना हसवायची आपली रीत, तर यांबाचे कपडे घालून यांबा व्हायचं काम लामूसाकडे आलं, दुसऱ्या कुणाला ते जमलंही नसतं. आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले. तुम्ही लिहिलेलं सांगितलं आणि तिने काय मागावं तेही सांगितलं. ती म्हणाली, म्हातारी जागच्या जागी मेली तर? मी म्हटलं, अशीही मरतेच आहे.

तर लामूसा त्याचा निळा अंगरखा आणि गवताची टोपी घालून आली. तेच डावा पाय ओढत चालणं, बोलायच्या आधी नाक चोळणं. लोक हसून लोटपोट झाले. तिने हापशाच्या चौकीदाराकडे उधार तंबाखू मागितला, माझ्याकडे वळून कालवणात मीठ कमी आहे म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. वन्सं, मी तो अंगरखा धुवायला नको होता. त्यात आता लामूसाचा वास येत होता.

मग ती मांडवाखाली आईंसमोर जाऊन बसली, टोपी काढली, आणि हळू म्हणाली, "आई, पाणी दे."

हसणं थांबलं. ढोलवाल्याचाही हात थांबला. आई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, मी मोठी चूक केली. मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, एकट्याच. माठापाशी गेल्या, वाडगा बुडवला, रीतीप्रमाणे आधी स्वतः घोट घेतला आणि तिच्यापुढे धरला. अर्धं पाणी अंगरख्यावर सांडलं. लामूसाने उरलेलं संपवलं, शेवटचे थेंब पितरांसाठी जमिनीवर सोडले.

आई म्हणाल्या, "अजून घे. हवं तेवढं घे."

पुन्हा भरला, पुन्हा आधी घोट, पुन्हा दिला. लामूसा पीत राहिली. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती पीत होती. आई नाही रडल्या. त्या फक्त भरत होत्या.

माणसं गेल्यावर मी चुलीपाशी बसले होते. आई आल्या आणि मी दुरून चालत आलेली कुणी असावी तसं माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. घोट घेतला, वाडगा माझ्या हातात दिला. मी प्यायले. थेंब जमिनीवर सोडले. मग त्यांनी पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं, "आता सांग. काय खबर?"

मी म्हटलं, "आई, यांबा गेला."

त्या म्हणाल्या, हो. आणि मग आम्ही बोललो, कोंबडे आरवेपर्यंत.

त्या अजून नर्सबाईंना हवं तितकं पीत नाहीत. पण दारात कुणी आलं की घोट घेतात, आणि मी सगळ्या आळीला सांगून ठेवलंय, येत जा, दिवसातून दोनदा या, काम नसलं तरी या. लोक येतात. ऊन वाईट आहे. काही सांगता येत नाही.

लेक बाळंतपणातून उठली की या. दारात आई उभ्या असतील. आधी पाणी प्या, मग आपण बोलू.

तुमची,
तालातो