बाईसाहेबांच्या स्प्रिंगा

ता. ११ फेब्रुवारी, रविवार, दुपार

ती. ताईस तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार.

गेल्या पावसाळ्यापासून तुला पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कामात होतो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. आमचं काम म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांतल्या चुका शोधणं, आणि अलीकडे त्यांनी चुका करणंच कमी केलं आहे. पत्र नव्हतं कारण जे लिहायचं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. आता तुझं तिकीट निघालं म्हणून ठरवावं लागलं. (फोनवर सांगता आलं असतं, पण आई तुझ्याशी बोलत असते तेव्हा बाबा समोर पेपर धरून बसतात आणि पान उलटत नाहीत, हे तुला माहीत नसेल.)

तुझी टाच कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे आई बरी आहे, गुडघे सोडून. बाबा बरे आहेत, स्वभाव सोडून. मी बरा आहे. तुझी भावजय म्हणते की हे तिला विचारून लिहायला हवं होतं.

विषय गाडीचा आहे. पत्र लगेच खाली ठेवू नकोस.

गाडीबद्दल, म्हणजे आपल्या बाईसाहेबांबद्दल (हे नाव तूच ठेवलंस, आणि कौतुकाने नव्हे) तुला नव्याने सांगायला नको. स्टिअरिंगपुढचा लाकडी फळा बाबा अजून दर रविवारी पुसतात, मागची सीट अजून दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी खोल आहे, आणि सीटखाली तो बिस्किटांचा पत्र्याचा डबाही अजून आहे. त्याला घरात सगळे 'ताईचा डबा' म्हणायचे आणि त्यात बिस्किटं कधीच नसायची. गाडी ज्या न्यायाधीशांकडून घेतली त्यांनी सांगितलं होतं म्हणे, की ही चालत नाही, तरंगते. बाबांनी ते वाक्य आयुष्यभर जपलं. आपण दोघं मागे बसायचो. मी तरंगायचो आणि तू बुडायचीस. स्टेशनवरून घरी येताना टेकडीवर पाण्याच्या टाकीजवळचं वळण आलं की तू म्हणायचीस, "बाबा, थांबवा." त्या वळणाला आई अजून 'ताईचं वळण' म्हणते. भाजीवाल्यालाही तोच पत्ता सांगते.

मागच्या खेपेला तू स्टेशनबाहेर बाबांना हात केलास, बॅग टॅक्सीत टाकलीस आणि निघालीस. तुझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण तू मागे वळून पाहिलं नाहीस म्हणून तुला कल्पना नसेल. बाबांनी घरापर्यंत त्या टॅक्सीच्या मागे गाडी चालवली, ती थांबली की थांबत आणि ती निघाली की निघत. मी शेजारी होतो. एखाद्या वरातीत आपण चुकून घुसलो आहोत आणि आता बाहेरही पडता येत नाही, असं मला सारखं वाटत होतं. घरी आल्यावर त्यांनी गाडीवर कव्हर घातलं, त्याच्या नाड्या दोनदा बांधल्या आणि जेवायला बसले. तेव्हापासून तुझा फोन आला की ते "ठीक आहे" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. तेव्हापासून तुलाही रजा मिळत नाही. आता मिळाली आहे, तर तू आईला आधीच बजावलंस की स्टेशनवर कोणी येऊ नका, मी टॅक्सी करीन. आईने ते बाबांसमोर मोठ्याने म्हणून दाखवलं. (ऐकू कमी येतं म्हणून ती प्रत्येक गोष्ट खात्रीसाठी म्हणून दाखवते.) बाबांनी तेव्हाही पान उलटलं नाही.

मी विचार केला, की तुला गाडी लागते ती तिच्या डुलण्याने, तर डुलणं काढावं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा चालवत नाहीत. एका सकाळी त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. म्हणजे गाडी आता माझ्या हाती होती. निदान मला तसं वाटलं. गॅरेजवाल्या उस्तादांना तू ओळखतेस. तेच, बॉनेट उघडण्याआधी हात धुणारे आणि बंद केल्यावर न धुणारे. त्यांना म्हटलं, स्प्रिंगा कडक बसवा, शॉकॲब्सॉर्बर कडक बसवा, आणि वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी दांडा असतो तो जाड घाला. त्यांनी हात धुतले आणि बॉनेट उघडून पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, ही बाई सोफ्यावर वाढलेली. तिला बाकावर बसवताय." मी म्हटलं बसवा, आणि बाबांना सांगू नका. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

बाबांना मी तरी का सांगितलं नाही? यावर मी रोजनिशीत बरंच लिहिलं आहे आणि दर वेळी वेगळं उत्तर निघालं. त्यातलं बरंसं उत्तर असं, की सांगितलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं. खरं उत्तर असं, की आपल्या घरात कोणी कोणाला काही सांगतच नाही. आपण वस्तू हलवून ठेवतो आणि समोरच्याला कळेल म्हणून वाट पाहतो.

पहिल्या फेरीत बाबा मागे बसले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन येताना वरचं हँडल धरून राहिले. काही बोलले नाहीत. मी खूश झालो. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा डुलायला लागली. उस्तादांनी फसवलं, असं धरून मी तावातावाने गॅरेजात गेलो. ते जमिनीकडे बघत म्हणाले की स्प्रिंगा कधी कधी मऊ पडतात. लोखंड आठवड्यात मऊ पडत नाही इतपत शास्त्र मी कॉलेजात शिकलो आहे, तरी मी ते मान्य केलं आणि पुन्हा कडक बसवायला सांगितलं. (समोरचा खाली बघायला लागला की मलाच अपराधी वाटतं. हा दोष की गुण, हेही रोजनिशीत आहे.)

झालं होतं ते असं. मी ऑफिसात असताना बाबा फिरायला म्हणून गॅरेजात गेले होते आणि म्हणाले होते, "गाडी तरंगली पाहिजे. हाडं मोजत जायचं तर ट्रॅक्टर आहेच. जुन्या स्प्रिंगा बसवा, आणि त्याला सांगू नका." उस्तादांनी त्यांच्यापुढेही गळ्याला हात लावला. गाडी धुवायला नेतो म्हणून ते घरून घेऊन गेले आणि बदलून आणून उभी केली. आईने पाहिलं, पण तिला कोणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही.

आता दुसऱ्यांदा मी कडक सांगितल्यावर उस्तादांना दोन्ही शपथा पाळायच्या होत्या. त्यांनी मार्ग काढला. मी पुढे बसतो, म्हणून पुढच्या स्प्रिंगा कडक. बाबा मागे बसतात, म्हणून मागच्या मऊ. माणूस म्हणून याला तोड नाही. गाडी म्हणून काय सांगू? निघताना बाईसाहेब नाक वर करत आणि मागून खुर्चीत बसल्यासारख्या खाली बसत. वळणावर नाक सरळ जायला बघे आणि मागचा भाग मागाहून, थोडा विचार करून, वळे. मला पुढे एवढंच जाणवत होतं की काहीतरी बिनसलं आहे, आणि मी ते रस्त्यावर ढकललं.

त्या गाडीतून मी बाबांना टेकडीपलीकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. जाताना ते गप्प होते. येतानाही गप्प होते, म्हणून मला संशय आला नाही. टाकीजवळच्या वळणावर मागून आवाज आला, "थांबव." मला वाटलं कोणी ओळखीचं दिसलं. बाबा उतरले, टाकीच्या भिंतीपर्यंत चालत गेले आणि दोन्ही हातांनी भिंत धरली. मी पाण्याची बाटली घेऊन मागे उभा राहिलो आणि दुसरीकडे पाहत राहिलो. त्यांनी चूळ भरली, रुमालाने तोंड पुसलं, रुमालाची घडी पुन्हा होती तशी घातली.

"ती असंच म्हणायची ना? इथेच?"

"हो. 'बाबा, थांबवा.'"

"आणि मी काय म्हणायचो?"

मी सांगावं की नाही याचा विचार केला, आणि सांगितलं. "समोर बघ, मनाचे खेळ आहेत, असं म्हणायचात."

त्यांनी रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाले, "समोर बघून काही होत नाही रे."

तिथून ते पुढे, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, उस्तादांकडे घे. गॅरेजात आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता, आपापलं जे होतं ते उस्तादांना सांगितलं. उस्ताद म्हणाले, "सुटलो! दोघांच्या शपथा पोटात ठेवून माझं अन्नपाणी तुटलं होतं." बाबा म्हणाले, चारही कडक करा.

तर चारही कडक आहेत. आता गाडी डुलत नाही, कलत नाही, वळणावर लोखंडी कपाटासारखी उभी राहते. त्या बदल्यात रस्त्यावरचा प्रत्येक खडा आपलं नाव सांगून जातो. पुढचा कप्पा गतिरोधकावर आपोआप उघडून शेजारच्याच्या गुडघ्यावर पडतो. फळ्यावरचं बंद घड्याळ एका खड्ड्यात सुरू झालं आणि पुढच्या खड्ड्यात थांबलं. आई एक फेरी मारून आली आणि म्हणाली की गाडी छान झाली आहे, फक्त मला पुन्हा नेऊ नका. पण पोटाला काही होत नाही. मी स्वतः मागे बसून, उस्तादांना चालवायला लावून, डोळे मिटूनसुद्धा पाहिलं आहे.

म्हणून एवढंच मागणं: या खेपेला टॅक्सी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र बाबांनी वाचलं. टेबलावर उघडं राहिलं होतं. (मी ते उघडं ठेवलं होतं का, हा प्रश्न मी आजच्या पानावर घेणार आहे.) त्यांचं म्हणणं, त्यांना गाडी लागली नव्हती, डॉक्टरांकडच्या चहाने पित्त झालं होतं. दुरुस्ती नोंदवतो.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाबा पुन्हा आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "मी इतकी वर्षं चालवली, मला कधी लागली नाही. तू चालवतोस, तुला लागत नाही. तिच्या गावी ती स्वतः चालवते ना? तिला लागते?" मी म्हटलं, नाही, तिकडच्या घाटातही नाही, आईला तिने सांगितलंय. "मग!" असं म्हणून त्यांनी किल्ली या पत्रावर ठेवली. म्हणजे वर मी जे काही लिहिलं, स्प्रिंगा, दांडा, शपथा, त्यातल्या कशाचीच गरज नव्हती. हे मला इतक्या महिन्यांत सुचलं नाही आणि बाबांना भिंत धरल्यावर सुचलं. दाराशी जाऊन ते पुन्हा वळले आणि म्हणाले, "लिही तिला, क्लच जरा वरून घेतो."

तेव्हा लायसन्स विसरू नकोस. स्टेशनबाहेर गाडी उभी असेल, ड्रायव्हरची सीट रिकामी असेल. मी पुढे बसून कप्पा धरीन. बाबा मागे बसणार आहेत. पुढे बसा म्हटलं तर म्हणाले, तिथे बसलो तर चालवणाऱ्याच्या मध्ये मध्ये बोलेन.

पत्र असलं तरी रोजनिशीसारखं पानाखाली उद्याचं एक काम लिहिल्याशिवाय मला झोप लागत नाही, म्हणून इथेच लिहितो.

उद्या: ताईचा डबा घासून, वाळवून, मागच्या सीटवर बाबांच्या बाजूला ठेवणे.