लॉटीताईची गल्ली हार्लोत कशी गेली

ती. लॉटीताईस,

कॅझचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मी विचारलेलं तुला आवडायचं नाही, कारण रविवारी चर्चमध्ये मला पाहून तू बाक बदललास. (उजव्या पायावर जोर देत बदललास, तेवढं मी पाहिलं.) विधानसभेच्या नव्या नकाशात तुझी गल्ली आपल्या टॅमरॅकमधून उचलून त्या हार्लोच्या मतदारसंघात टाकली, आणि टाकणारा तुझा सख्खा भाऊ. कसं झालं ते सांगतो, मग पत्र खुशाल शेगडीत घाल.

बत्तीस वर्षं शाळेची बस हाकलेल्या माणसाला मतदारसंघ आखायला का बसवावं? तर मतदारसंघ आखणारी नागरिकांची समिती अर्जांतून सोडत काढून नेमतात, तीत माझं नाव निघालं. (याआधी एकदाच निघालं होतं, अग्निशमन दलाच्या सोडतीत. गोठवलेली टर्की मिळाली होती. ती बरी होती.) नियम असा की लोकसंख्या सारखी ठेवायची आणि वस्त्या फोडायच्या नाहीत. वस्ती म्हणजे काय, ते लोकांनीच सांगायचं. म्हणून आम्ही ग्रंथालयात कोरे नकाशे वाटले. आपल्या वस्तीला वेढा घाला आणि दोन मिनिटं बोला.

ताई, माणूस आपली वस्ती काढायला बसला की सुरुवात कुणाला वगळायचं इथून करतो. गॅपिन्स्कीबाई म्हणाल्या, "आम्हाला कुणाच्याही गळ्यात बांधा, पण त्या पलीकडच्या चर्चवाल्यांच्या नको. अहो, पिएरोगीच्या उकडलेल्या करंज्यांत साखर घालतात ते!" सरोवराकाठचे बंगलेवाले वर्षातून सहा आठवडे येतात, पण त्यांची वस्ती म्हणे अतूट. ओल्सन नवरा-बायको दोन वेगळे नकाशे घेऊन आले. नवऱ्याच्या नकाशात सासूचं घर अर्धंच होतं. (स्वयंपाकघर आत, बाकी बाहेर.)

या सगळ्यांत मीच काय तो निःपक्षपाती, अशा तोऱ्यात मी टॅमरॅकची हद्द एका बैठकीत काढली. समितीने टाळ्या वाजवल्या. पेपरात छापून आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: ती माझ्या बसची फेरी होती! जिथे जिथे बस वळायची, तिथे तिथे रेघ वळली होती. तुझ्या गल्लीत बस वळवायला जागाच नव्हती, पोरं मोठ्या रस्त्यावर येऊन उभी राहायची. गल्लीतली एकोणीस माणसं बाहेर राहिली, आणि हार्लोला नेमकी एकोणीसच कमी पडत होती, त्यामुळे समिती तर अगदी खूश. चाळीस वर्षं लेंटच्या उपासात दर शुक्रवारी तू या गावाला मासे तळून वाढलेस, आणि तू या गावची नाहीस असं मी सरकारी कागदावर लिहून दिलं. मला लाज वाटते, ताई.

तुझा,
कॅझ

ता.क. सदस्याला स्वतःच्या नकाशावर हरकत घेता येत नाही. ती गल्लीतल्याच कुणीतरी घ्यायला हवी. शेवटची सुनावणी गुरुवारी दुपारी चारला आहे. दोन मिनिटं मला सर्वांसमक्ष झाप. (नाव घेऊन झाप, सगळं नोंदीत जातं.)

आणखी ता.क. कोरा नकाशा सोबत आहे. तुझी वस्ती तूच काढ. त्यात माझं घर आलं नाही तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण चालणार नाही.