धोंड्याच्या महिन्यातली म्हातारी

गुरुजी, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं लोटली, पण मी अजून तुमच्यावर चिडलेलोच आहे. वर्गात तुम्ही कविता चालीवर म्हणायचात तेव्हा खिडकीबाहेरचा ऊससुद्धा कान देऊन उभा आहे असं मला वाटायचं. त्या आवाजाखातर मी पुढं मास्तर झालो, तुमच्याच शाळेत. तो आवाज तुम्ही त्या दिवशी खुटबावच्या पारावर वाया घालवलात.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. घरातलं म्हातारं माणूस कुणी सांभाळायचं, हे भावाभावांत मिटेना की लोक तुमच्याकडं यायचे, भीमेपलीकडून, शिरूरच्या गावांतूनसुद्धा. त्या आंधळ्या म्हातारीच्या दोन मुलांनाही तुम्हीच पाळ्या लावून दिल्यात. आषाढाअखेर थोरल्याकडं, श्रावणापासून धाकट्याकडं. अधिक महिना तेवढा विसरलात! त्या वर्षी नेमका श्रावणाआधी धोंडा आला, आणि म्हातारी गाठोड्यासकट पारावर.

"आषाढ सरला, माझी पाळी सरली," थोरला म्हणाला. "माझी श्रावणापासनं. ह्यो तर धोंडा हाय," धाकटा म्हणाला, "आन् धोंड्यात जावयाचं करत्यात, आईचं कोन करतंय?" लोक हसले. गृहपाठ राहिला म्हणून आम्हाला बाकावर उभं करणारे तुम्ही, त्या दोघांना चकार शब्द बोलला नाहीत. आईवरची कविता म्हणालात! अख्खा पार रडला, थोरला तर उपरण्यानं डोळे पुसत होता. म्हातारी तेवढी कोरडी. "कविता ऱ्हाऊ द्या, गुरुजी. आज भाकरी कुनाच्या चुलीवरची, त्येवढं सांगा."

तुम्ही तिला हाताला धरून स्वतःच्या घरी आणलंत. गाव म्हणालं, देवमाणूस! मी तिचं गाठोडं घेऊन दारात उभा आहे. काकू पिठाच्या हातांनी बाहेर येतात, म्हातारीकडं बघतात, मग तुमच्याकडं. "नाही म्हटलं नसतं मी," म्हणतात, "पण विचारायचं तरी." तुम्ही चपला काढत होतात. ऐकलंत की नाही, कुणास ठाऊक.

श्रावण लागला. धाकटा आला नाही. कशाला येईल? फुकटात सोय झाली होती. तुम्ही सत्काराचे नारळ घेऊन घरी यायचात, आणि तिचं अंथरूण काढणं, न्हाऊ घालणं, घास भरवणं काकूंच्या वाट्याला, ती डोळे मिटेपर्यंत. दोन धडधाकट मुलांना तुम्ही मोकळं सोडलंत आणि ओझं उचललं भलत्याच बाईनं. याला दया म्हणायचं, गुरुजी?

हे पत्र टाकणार तरी कुठं? खरं सांगतो, आज मी काकूंनाच लिहायला बसलो होतो. पण त्यांचं नावच मला ठाऊक नाही. आम्ही सगळे काकू म्हणायचो, आणि तुम्ही 'अगं'.