थंड बाटलीतलं बी

ता. ४ जून

चि. सौ. चिमणीस अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक. आई जरा जास्तच ठीक; घर सोडून माझ्याकडे येऊन चार वर्षं झाली, पण माझ्या स्वयंपाकघरातली एक बरणी तिला जागेवर दिसत नाही. आता तिने धोशा लावलाय की माझी मिरची पेरा. तीच ती बुटकी, जाड सालीची. निघताना तिने तिचं बी आपल्या दोघांत वाटलं. तिसरीकडे ते कुठेच नाही.

माझा वाटा कसा ठेवलाय ते तुला ठाऊक आहे. सावलीत, वाकवलं की तट्कन मोडेपर्यंत वाळवलेलं. मग काचेची बाटली, रबरी बूच, फ्रिजचा खालचा कप्पा. कुठल्या कॉलेजाने शिकवलं नाही, स्वतः वाचून शिकलो. येणारा-जाणारा थक्क होतो. परवा गॅसवाल्यालाही बाटली काढून, उघडून, बी तळहातावर देऊन दाखवलं. तुझ्या वहिनीला मात्र कौतुक नाही. ती म्हणते, तिथे दुधाला जागा करा.

तुझी बाटली माळ्यावर जुन्या चपलांशेजारी असणार. खरं काय ते कळव.

आईचे आशीर्वाद आणि माझा उपदेश, दोन्ही जपून ठेव.

तुझा दादा

ता. ११ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

उपदेश पोचला. पाकीट जड लागलं तेव्हाच ओळखलं. माझी बाटली चपलांशेजारी नाही, गॅसच्या वरच्या फळीवर आहे. चार वर्षांत एकदाही उघडलेली नाही. शिस्त म्हणून नव्हे, आठवणच झाली नाही म्हणून.

एक शंका. यांचा चष्मा थंडगार दुकानातून बाहेर पडलं की धुरकटतो. गॅसवाल्यापुढे उघडलीस तेव्हा तुझी बाटली गारच होती का रे? आणि त्याच्याआधी असे किती जण थक्क झाले? मला बापडीला काय कळतंय, सहज विचारलं.

राग नाकावर असू दे, माया खाली उतरू दे.

तुझी चिमणी

ता. २५ जून

चि. सौ. चिमणीस आशीर्वाद.

शंका बालिश आहे. तरी कळवतो की एकही बी उगवलं नाही. आधी मातीला दोष दिला, मग पाण्याला, मग तुझ्या वहिनीच्या पाणी घालण्याला. शेवटी उरलेलं सगळं ओल्या फडक्यात बांधून पाहिलं. बुरशी आली, कोंब नाही.

आई रोज सकाळी कुंडीपाशी जाऊन बसते. गारव्यातलं बी जरा झोपाळू असतं, असं मी तिला सांगितलं. लहानपणी दूध मांजराने सांडलं म्हणालो होतो, तेव्हा तिने बघितलं होतं तशी बघत राहिली. वहिनीने एवढंच विचारलं की आता त्या कप्प्यात दूध ठेवू का.

तुझं बी, केवळ तुलनेसाठी, थोडं पाठव. घाई नाही. उद्या पाठवलंस तरी चालेल.

लोभ असावा, आठवण ठेवून असावा.

दादा

ता. २० जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुलना इथेच केली, आणि हसणार होते ते राहून गेलं. तुझं बी ओलीने गेलं. गार बाटली उघडली की बाहेरची दमट हवा आत शिरून बियांवर पाणी धरते. माझं म्हातारपणाने गेलं. गॅसच्या उबेत ते दुप्पट वेगाने म्हातारं झालं. सगळी बाटली पेरली, तीन रोपं आली, त्यातलं एक वाकडं. बाटली न उघडल्याचा माझा तोराही तसाच वाकला.

आता जी आहेत ती हीच तीन. हे रविवारी मांडीवर कुंडी घेऊन येतायत. त्यांना आधी चहा दे, मग व्याख्यान.

माझ्या वाट्याची माया या वेळी आईला दे.

चिमणी

ता. २ ऑगस्ट

चि. सौ. चिमणीस अनेक आशीर्वाद.

रोपं पोचली. तुझे यजमान प्रवासभर पाय हलवले नाहीत म्हणाले, उतरल्यावर तर हलवताच येईनात. आईने कुंडी खिडकीत ठेवली, वाकडं रोप उजेडाकडे करून.

मग तिने निकाल दिला. पहिल्या मिरच्यांचं बी ना तुला, ना मला, ते सुनेला. मी नम्रपणे निदर्शनास आणलं की तुझ्या वहिनीला बी ठेवण्यातलं ओ की ठो कळत नाही. आई म्हणाली, तेच बरं. ठेवता येत नाही, म्हणजे दरवर्षी पेरेल.

खालच्या कप्प्यात आता दूध असतं. काल गॅसवाला आला. त्याने आपणहून बाटलीची चौकशी केली, म्हणून मी त्याला खिडकीकडे नेलं. आईने दोघांनाही लांबूनच बघू दिलं.

उपदेश या वेळी नाही. नुसताच लोभ आहे, तो घे.

दादा