दादा सगळ्यांचं ऐकतो

सोमवार, ४ मार्च

फुटलं एकदाचं! सकाळच्या पेपरात पहिल्याच पानावर — न्यायाधीश, विरोधी पुढारी, संपादक, सगळ्यांचे फोन सरकार चोरून ऐकत होतं. ऑफिसात कोणी गेल्यासारखी शांतता. चहावालासुद्धा कप आवाज न करता ठेवत होता.

साहेब दिवसभर दाराआड. देशाचा प्रमुख, आणि बाहेर यायला तोंड नाही! दुपारी 'मधाचं बोट' आले. (आमचे मुख्य सल्लागार. हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय, कारण माणूस तेवढंच देतो.) म्हणाले, "रविवारी साहेब देशाशी बोलणार. भाषण तुझ्याकडे." माझ्याकडेच असतं. साहेबांच्या तोंडी शब्द घालणं हीच माझी नोकरी.

पण मला धास्ती आहे ती भाषणाची नाही. फोन ऐकणारं ते खातं दादाचं आहे.

मंगळवार, ५ मार्च

आई म्हणायची, दादा सगळ्यांचं ऐकतो, ही मेली कुणाचं ऐकत नाही! दादाला त्या खात्यात घेतलं तेव्हा मी चिडवलं होतं, "आता पगार घेऊन ऐक." घरभर हशा. नंतर ते घरातलं वाक्यच झालं.

आज ते आठवून हसू आलं नाही. कारण दुसरंही आठवतंय. मधाचं बोट दादाला फोन करत होते तेव्हा मी समोरच बसले होते. "तुम्ही ऐकायला लागा, लेखी हुकूम मागाहून पाठवतो." तो हुकूम कधी गेलाच नाही. साहेब शेजारच्या खुर्चीत चष्मा पुसत होते.

बुधवार, ६ मार्च

सकाळी मसुद्यातून 'माफी' काढली, 'दिलगिरी' घातली. दुपारी दिलगिरीही गेली. उरला 'खेद'. खेद काय, दूध नासलं तरी होतो!

गुरुवार, ७ मार्च

मधाचं बोट यांचा घरी फोन. आधी विनोद — "आता मोकळेपणाने बोल, ऐकणारं खातं आपण बंद केलंय!" स्वतःच हसले. मग मुद्द्यावर. साहेबांना काही ठाऊक नव्हतं, एका अधिकाऱ्याने परस्पर केलं, असं जायला हवं. कोणता अधिकारी, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "सख्ख्या भावाच्या गळ्याला फास लावायला मीच सापडले का? दुसरा कोणी शोधा. मी लिहिणार नाही!" आणि फोन आपटला.

नोकरी जाईल बहुतेक. पण किती वर्षांनी इतकं बरं वाटतंय!

शुक्रवार, ८ मार्च

दादा येऊन गेला. न कळवता, हातात संत्र्यांची पिशवी. मला वाटलं होतं खचला असेल. कसला काय! मजेत होता. खातं बंद झालंय, पण यंत्रं आवरायला त्याला एकट्यालाच बोलावतात, त्याचीही थट्टा केली.

"तुझी वहिनी मागे लागलीय, वकील गाठा, पेपरवाल्यांना खरं सांगून टाका. मी म्हटलं, काही गरज नाही." असं म्हणून माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी मारायचा तशी. निघताना दारात थांबला. "फोनवर एवढं ओरडू नये गं. घसा बसतो."

माझा घसा खरंच बसलाय. आवाजावरून ओळखलं असेल.

शनिवार, ९ मार्च

साहेबांनी स्वतः बोलावलं. खोलीत तिसरं कोणी नाही. मला बसवलं, पाणी दिलं. "बाळ, तू नाही लिहिलंस तरी भाषण होणारच. दुसरा लिहील तो 'देशद्रोही' लिहील. तू लिहिलंस तर निदान भावाला सांभाळून लिहिशील." मग म्हणाले, फक्त निलंबन. चार दिवस आरडाओरडा, मग लोक विसरतात. तुरुंग नाही, माझा शब्द आहे.

त्यांचे शब्द कुठून येतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक! तरी मान हलवली. का? भीती होती. नोकरी होती. आणि साहेब 'बाळ' म्हणाले की मला अजून बरं वाटतं — लाज वाटते लिहायला, पण खरं आहे.

टेबलाशी बसले आणि वाक्य आपोआप आलं. "एका अधिकाऱ्याने, कोणाचंही न ऐकता, देशाचे फोन ऐकले." देशद्रोही नाही, गुन्हेगार नाही. पण वाक्य झकास उतरलं. आणि क्षणभर — हे कुणाला सांगू? — क्षणभर मी खूश झाले!

मधाचं बोट यांनी वाचून पाठ थोपटली. दादाला सांगायला फोन उचलला, ठेवला. कुठल्या तोंडाने सांगू?

रविवार, १० मार्च

भाषण झालं. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. साहेब माझ्या वाक्याशी आले, थांबले, चष्मा काढला, डोळे टिपले. मग एकेक शब्द तोलून म्हणाले. समोरच्या खुर्च्यांतून टाळ्या. दिवे धरणारा माणूस शेजारच्याला कुजबुजला, "बघ, काय बोलतो माणूस!"

मग त्यांनी कागद बाजूला सारला. "तो कितीही मोठा असो, त्याला तुरुंगात धाडल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही." हे मी लिहिलं नव्हतं. मी मधाचं बोट यांच्याकडे पाहिलं. ते घड्याळाकडे पाहत होते.

भाषण संपायच्या आत दादाच्या दाराशी पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. त्याला नेताना टीव्हीवर दाखवलं. घरातल्याच कपड्यांत. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात.

सोमवार, ११ मार्च

सगळ्या पेपरांत माझंच वाक्य. मोठ्या अक्षरांत.

मंगळवार, १२ मार्च

वहिनीकडे गेले नाही. जायला हवं होतं. रजा टाकून दिवसभर अंथरुणात. दादाची संत्री तशीच टोपलीत आहेत.

बुधवार, १३ मार्च

शेवटी गेले. वहिनीने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी म्हटलं, वहिनी, दादाने वेळेवर वकील तरी का नाही गाठला?

"तुझा फोन ऐकायचा हुकूम त्यांना कधीपासून होता," ती म्हणाली. "पण त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. गेल्या गुरुवारी, यंत्रं आवरताना, एकदाच ऐकला. घरी आले ते नाचतच. 'ती लिहिणार नाही म्हणाली! माझ्या कानांनी ऐकलं!' मी हातापाया पडले, वकील बघा म्हटलं. माझं नाही ऐकलं. तुझं ऐकलं."