हवालदाराच्या नाकावरचा हिरवा रंग

आधी चूक दुरुस्त करते, मग मृत्युपत्र.

चार वर्षांपूर्वी मी केलेल्या मृत्युपत्रात सहावे कलम असे आहे: "माझ्या थोरल्या भावाने निष्काळजीपणाने अंगणाचे फाटक उघडे टाकले, त्यामुळे आमचा कुत्रा रस्त्यावर जाऊन दुधाच्या गाडीखाली आला व मागच्या उजव्या पायाने कायमचा अधू झाला. सबब माझे घर, भट्टी, बाग व जनावरे यांपैकी काहीही भावाकडे जाऊ नये." हे कलम चुकीचे आहे. भावाने फाटक उघडे टाकले नव्हते. कुत्र्याने ते स्वतः उघडले होते. मी जे पाहिले नव्हते ते पाहिल्यासारखे लिहिले.

आमच्या घरात चूक खोडायची नाही असा नियम आहे. मला आणि दादाला आईने पहिली काही वर्षे घरीच शिकवले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शेजारी परातीत पीठ फुगत असताना. तिच्या शाळेत खोडरबर नव्हता. चूक झाली की तिच्यावर एकच रेघ मारायची, खाली बरोबर काय ते लिहायचे आणि तारीख घालायची. त्या चुकीचा त्रास दुसऱ्याला झाला असेल तर दुरुस्ती त्याच्यासमोर मोठ्याने वाचायची. त्याने खाली "वाचले" असे लिहून सही केली की ती चूक संपली. मग आईसुद्धा तिचे नाव काढत नसे. म्हणून जुने मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते, पण फाडत नाही. ते याच्या मागे टाचले आहे.

आता रीतसर. मी, खाली सही करणारी, वय बत्तीस, धंदा घरच्या भट्टीवर पाव आणि केक भाजून विकणे, हे माझ्या हाताने, दिवसाउजेडी, कोणी भरीस घातले म्हणून नव्हे तर मला राहवत नाही म्हणून लिहीत आहे. माझी तब्येत चांगली आहे आणि डोके जागेवर आहे. तसा दाखला मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून आणला होता, पण तो चालत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. शेजारचे पोस्टमनकाका, जे आता निवृत्त आहेत, म्हणतात, "अगं, या वयात लोक लग्नपत्रिका लिहितात." त्यांचे बरोबर असेल. पण आमची आई काहीही न लिहिता गेली. तिचा केकचा कोणता साचा कोणाला द्यायचा हे विचारायलासुद्धा कोणी उरले नाही. तेव्हापासून मला लिहून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

कलम एक. फाटकाची हकीकत.

दादाचे चौकाच्या पलीकडे किल्ल्या-कुलपांचे दुकान आहे. तेव्हा दर गुरुवारी दुकान उघडण्याआधी तो सात वाजता माझे पाव सायकलवरून गिऱ्हाइकांकडे पोचवत असे. सहा वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी तो गेल्यावर मी अंगणात आले तर फाटक सताड उघडे आणि कुत्रा, म्हणजे हवालदार, रस्त्यावर ओरडत पडलेला. दादा दवाखान्यात धावत आला. म्हणाला, "मी कडी लावली होती. माझ्या हाताला सवय आहे गं." मी बाकावर बसलेल्या लोकांदेखत म्हणाले, "लोकांची कुलपं दुरुस्त करतोस आणि घरचं फाटक उघडं टाकतोस." दोन माणसे हसली. दादाने मान खाली घातली आणि कुत्र्याचा पाय धरून बसला.

त्यानंतर पाव पोचवणे थांबले, तरी तो चहाला येत होता. मग मी ते मृत्युपत्र केले आणि, माझ्या पाठीमागे त्याला धक्का बसू नये म्हणून, त्याची एक प्रत त्याला पाठवली. मला ते प्रामाणिकपणाचे वाटले होते. पुढच्या वेळी तो फाटकाशीच थांबला. मी म्हणाले, "आत ये ना." तो म्हणाला, "नको. तुझं लिहून झालंय ना? मग झालं." तेव्हापासून वाढदिवसाला फोन येतो, त्यात आधी हवालदाराची चौकशी असते आणि मग हवेची.

अपघाताच्या दिवसापासून मी फाटकाला दोरी बांधली, दोन गाठी मारून. सहा वर्षे कोणाची ये-जा झाली की ती लगेच पुन्हा बांधत आले. या वसंतात फाटक इतके गंजले की परवाच्या गुरुवारी, बारा तारखेला, सकाळी साडेसहाला मी दोरी सोडली, कडी लावली आणि हिरवा रंग दिला. मग पाव काढायला आत गेले. सात वाजता बाहेर आले तर फाटक उघडे. हवालदार बाहेर उभा राहून कोपऱ्याकडे बघत होता. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर हिरवा रंग होता.

पोस्टमनकाका त्यांच्या ओट्यावर बसले होते. मी विचारले, "काका, फाटक कोणी उघडलं?"

"कोणी म्हणजे? त्यानंच."

"तुम्ही पाहिलंत?"

"आज काय पाहायचं? तो पूर्वीही उघडायचा की. तुझा भाऊ सायकलवरून गेला की हा नाकानं कडी उचलणार, कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे जाणार आणि परत येणार. मी कामावर निघताना फाटक ओढून घ्यायचो."

"मग त्या दिवशी?"

"त्या आठवड्यात मी मुलीकडे होतो."

"काका, सहा वर्षं झाली. मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू सगळ्यांना सांगत होतीस. आणि मला वाटलं, तुमचं भांडण घराच्या वाटणीवरून असेल. सगळ्यांचं त्यावरूनच असतं."

एवढ्यावर मी विश्वास ठेवला नाही. काल शुक्रवारी मी तीन वेळा कडी लावून खिडकीआड उभी राहिले. पहिल्या दोन वेळा तो बसून राहिला. तिसऱ्या वेळी मी दादाची जुनी सायकलची घंटा वाजवली. हवालदाराला हल्ली काही ऐकू येत नाही, तेव्हा घंटेचा संबंध नसावा. पण तेवढ्यात सात वाजले होते. तो लंगडत गेला, कडीखाली नाक घातले आणि ती उचलली.

कडी हलकी आहे. ती दादानेच केली होती, आईची बोटे आखडली तेव्हा, तिला एका बोटाने उचलता यावी म्हणून. मी त्या वेळी बाजूला उभी होते आणि कानस मीच हातात दिली होती. हे मला आठवायला हवे होते.

कलम दोन. जनावरे.

हवालदार, वय चौदा, रंग भाजक्या पावासारखा, दोन्ही कानांनी बहिरा, हा माझ्या पश्चात दादाला द्यावा. तो मुळात त्याचाच आहे. पिल्लू असताना दादाने त्याला कोटाच्या खिशातून आणले होते. त्याला पावाची कडक कड दुधात भिजवून द्यावी. मधला मऊ भाग तो ठेवून देतो आणि मग कोणी घेईल म्हणून राखत बसतो.

मावशी, मांजर, वय सोळा, दिसत जवळजवळ नाही, हीही दादाला. तिची झोपायची जागा पिठाच्या डब्याचे झाकण. झाकण तिच्यासोबत जावे, डबा गेला नाही तरी चालेल. घरातले सामान हलवू नये. तिने सगळे मिशांनी पाठ केले आहे.

काका हे वाचून म्हणाले, "अगं, ही दोघं तुझ्या आधी जाणार. देतेस कोणाला?" डॉक्टरीणबाईंनीही परवा हवालदाराच्या छातीला नळी लावून सांगितले, "हा वसंत मजेत काढेल. पुढच्याचं मी बोलत नाही." याची मला जाणीव आहे. तसे झाल्यास हे कलम आपोआप सुटेल आणि हवालदाराची थाळी लिंबाच्या झाडाखाली पालथी ठेवावी, पक्षी तिच्यावर बसतात. पण याच कारणाने बाकीच्या गोष्टी माझ्या मरणाची वाट बघत ठेवता येत नाहीत, हे कलम सहामध्ये येईल.

कलम तीन. घर, भट्टी आणि खमीर.

आई गेल्यावर दादाने घरातला आपला वाटा न मागता सगळे माझ्या नावावर करून दिले. "तुझी भट्टी इथं आहे. मी दुकान उचलून कुठंही नेईन," एवढेच म्हणाला. हे जुन्या मृत्युपत्रात मी लिहिले नव्हते. घर आणि भट्टी माझ्या पश्चात त्याची. भट्टीची डावी बाजू जास्त तापते, ट्रे अर्ध्या वेळाने फिरवावेत. बँकेत जे असेल ते आधी जनावरांच्या औषधांना आणि मग त्याला.

खमिराची बरणी आईची, म्हणजे माझ्याहून वयाने मोठी. तिला रोज एक मूठ पीठ आणि तेवढेच पाणी लागते. दादाकडे हे खमीर नाही. तो बाजारचा पाव खातो, आणि आईचा मुलगा बाजारचा पाव खातो याला कारण मी आहे. तिच्यातले अर्धे मी माझ्या हयातीतच देणार आहे.

आईचा पोचा आलेला केकचा साचा वहिनीला. जुनी प्रत पोचली तेव्हा वहिनी फोनवर म्हणाली होती, "तुमच्या घरात रुसायलासुद्धा कागद लागतो. आमच्याकडे दोन दिवस अबोला धरतात आणि भूक लागली की बोलतात." मला राग आला होता. तिची पद्धत बरी आहे, पण मला ती आता या वयात येणार नाही.

कलम चार. बाग.

वाटाण्याचे वेल यंदा कुंपणाच्या वर गेले आहेत, शेंगा कोवळ्या असतानाच तोडाव्यात. गुलाबाची तीन कलमे लागली, चौथे काडीच आहे, पण त्याला मार्च संपेपर्यंत उपटू नये. पुदिना कोणालाही द्यावा, तो संपत नाही. माझी झाडे छाटायची मोठी कात्री पोस्टमनकाकांना द्यायची होती, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून देत नाही. ती तीन वर्षांपासून त्यांच्याकडेच आहे, फक्त परत मागत नाही.

कलम पाच. जुनी उणीदुणी.

शिंपीणबाई माझ्या पावाला "दार अडवायला बरा" म्हणाल्या होत्या, ती तक्रार मी मागे घेते. तो पाव खरोखर दगड होता. दूधगाडीवाल्यावरचा रागही सोडते. त्याने वेळेवर ब्रेक दाबला नसता तर आज हवालदार नसता. माझ्यावर कोणाचा राग असेल तर त्यांनी कळवावे, मी कागद ठेवला आहे.

कलम सहा. हे कधी वाचायचे.

वकीलबाईंनी हा मसुदा बघून चष्मा काढला. "यात मिळकत कमी आणि सूचना जास्त आहेत. असो. पाकिटात घाला, सील करा. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात."

मी म्हणाले, "मग तो 'वाचले' लिहून दाखवणार कोणाला?"

त्यांना ते कळले नाही, आणि आईची शाळा मला थोडक्यात समजावता आली नाही. पण दादाला कळेल. म्हणून हा लेख मी येत्या गुरुवारी सकाळी सातला, हल्ली दुकान तेव्हाच उघडते, स्वतः त्याच्याकडे नेणार आहे आणि कलम एक त्याच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे, गिऱ्हाईक असले तरी, कारण मी बोलले होते तेव्हाही लोक होते. सोबत खमिराची अर्धी बरणी आणि सकाळचा पहिला पाव असेल. हवालदाराला कोपऱ्यापुढे चालवत नाही. त्याला बागेच्या हातगाडीत घोंगडी घालून बसवीन. त्याने सहा वर्षे जी दिशा बघितली तिकडे त्याला एकदा पुढपर्यंत नेले पाहिजे. काका म्हणाले आहेत, "जा तू. फाटक मी ओढून घेईन."

दादाने सही केली नाही तरी कलम दोन ते चार जशीच्या तशी राहतील. ती कलमे म्हणजे सहीची किंमत नव्हे. आणि तो कुत्र्यालाच कुरवाळत बसला, तर मी थांबेन. दुकानात बाक आहे.

हे सगळे मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात आणखी एक चूक सापडली: वर लिहिले आहे की दोन माणसे हसली. तीन होती. तिसरी मी.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर, भट्टीजवळचे टेबल. शनिवार, दिनांक १४ मार्च, सकाळी. मावशी कागदाच्या कोपऱ्यावर बसली होती, तो डाग तिचा आहे.

सही: पाववाली, धाकटी बहीण

आमच्या समक्ष सही केली आणि सही करताना ती शुद्धीवर व नेहमीइतकीच काळजीत होती:

साक्षीदार १: शेजारी, निवृत्त पोस्टमन
साक्षीदार २: जनावरांच्या डॉक्टरीणबाई

वाचले: ........................ (थोरला भाऊ, कुलूपवाला)
गुरुवार, दिनांक १९ मार्च, सकाळी सात