ताईला ताप आहे

प्रिय ताई,

पहिली भूमिका कशी मिळाली, असं पन्नास वर्षं लोक विचारतात. मी म्हणते, नशिबानं.

त्या दिवशी आई-बाबा शूटिंगला गेले होते. दिग्दर्शकाचा माणूस तुला न्यायला आला, तेव्हा तू आत वेणी घालत होतीस. मी दारातच सांगितलं, "ताईला ताप आहे. मी येते." घरी परतल्यावर म्हटलं, त्यांनी मलाच बोलावलं होतं. तू कधीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाहीस. जन्मभर माझ्याकडून संवाद पाठ करून घेतलेस.

काल दवाखान्यात म्हणालीस, "बरं झालं, तुला निवडलं. मला कुठलं जमायला?"

मी म्हटलं, "हो गं."

डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. हे पत्र तुला देणार नाही. तेवढे दिवस मी निभावून नेईन.

तुझीच,
धाकटी